कलम आणि कोय

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि गरज पडली की मराठीचे तासही घेतो. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मराठीच्या तासाला ‘कलम’ हा शब्द आला. मी अर्थ विचारला. साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, “पेन, सर!” मी म्हटले, “ते उर्दूत झाले. मराठीत?” शेवटच्या बाकावरून एक जण हळूच म्हणाला, “सर, गर्दन भी कलम होती है.” वर्ग हसला.

मीही हसलो; पण त्या मुलाने काही चुकीचे सांगितले नव्हते. बोरू तासला की त्याची लेखणी होते, फांदीची काडी कापून दुसऱ्या रोपावर बांधली की तिचे झाड होते आणि मान कापली की माणूस संपतो. तिन्ही ठिकाणी आधी काहीतरी कापावे लागते. काय कापायचे आणि कशासाठी, हा प्रश्न त्या दिवसांत माझ्या नात्यातच उभा होता. म्हणून तास संपला तरी तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

कन्नड तालुक्यात माझ्या नानांचे गाव आहे. तेथे ओढ्याच्या काठाने आमच्या नानांच्या शेतात अकरा गावरान आंबे उभे होते. ते कोणी लावले हे नानांनाही सांगता येत नसे. बहुधा कोणी लावलेच नसावेत; खाऊन फेकलेल्या कोयी रुजल्या असतील. प्रत्येक झाडाला नाव होते. एक शेप्या, त्याच्या रसाला शेपूच्या भाजीसारखा वास. एक खोबऱ्या, तो पाडाला आला की खोबऱ्यासारखा चावून खावा. एक साखऱ्या, एक शेंदऱ्या. आणि एक आमट्या. तो पिकला तरी आंबटच राहायचा, पण नानी लोणच्यासाठी त्याच्याखेरीज दुसऱ्या कैरीला हात लावत नसे. अकरा झाडे आणि अकरा चवी. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडे डोळे मिटून आंबा चोखायचो आणि झाड ओळखायचो.

नाना-नानी गेले. जमीन मामूंकडून त्यांच्या मुलांकडे आली. मोठा मामेभाऊ शेती पाहतो. त्याने ठरवले की ही अकरा झाडे काढायची आणि त्या जागेवर केशरची बाग धरायची. मला कळले तसा मी गावी गेलो आणि बरेच काही बोललो. नाना-नानींच्या आठवणी सांगितल्या, पर्यावरण सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “भाई, तुमकू क्या, तुमारी तन्खा चालू है. छाँव मैं बेचूँ क्या?”

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे असे समजावे.

भावाची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती कमकुवत नाही. गावरान आंब्याचे एक झाड अर्धा गुंठा सावली धरते आणि त्या सावलीत ना कापूस येतो ना मका. झाड चाळीस-पन्नास फूट उंच. झेला घेऊन वर चढणारा माणूस आता मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी आंब्याच्या भावाला परवडत नाही. फळ लहान, कोय मोठी, एक वर्ष मोहोर तर एक वर्ष नाही. व्यापारी विचारतो, माल एकसारखा आहे का? अकरा झाडांचा माल अकरा प्रकारचा असतो. उलट केशरची कलमे दहा बाय दहा मीटरवर लावली तर हेक्टरी १०० झाडे बसतात, पाच बाय पाचवर ४०० बसतात. तीन-चार वर्षांत फळ धरते, हात वर केला की आंबा तोडता येतो आणि प्रत्येक पेटीतला आंबा दुसऱ्या पेटीतल्यासारखाच असतो. मराठवाडा केशरला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्याच्या घरात मुलीच्या शिक्षणाची फी भरायची आहे, त्याने केशर लावू नये असे सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला?

हा केशर आला तरी कोठून? जुनागढ संस्थानचे वजीर सालेभाई यांना एका झाडाचा आंबा फार आवडला, त्यांनी त्याची कलमे बांधून घेतली आणि १९३१च्या सुमारास गिरनारच्या पायथ्याशी लाल ढोरी येथे सुमारे ७५ कलमे लावली गेली, असे सांगितले जाते. १९३४ साली नवाब महाबतखान यांनी त्याच्या गराचा रंग पाहून त्याला केशर हे नाव दिले. आज सौराष्ट्रापासून मराठवाड्यापर्यंत जी लाखो झाडे केशर म्हणून उभी आहेत, ती सारी या हिशेबाने एकाच झाडाच्या फांद्या आहेत. त्या फांद्या फक्त निरनिराळ्या मुळांवर उभ्या केल्या आहेत. हापूसचेही तेच. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात कलमे बांधण्याची कला वाढली आणि अफोन्सो या नावाचा आपल्या जिभेवर हापूस झाला. शास्त्राच्या भाषेत याला क्लोन म्हणतात. क्लोन म्हटले की आपल्याला १९९६ साली जन्मलेली डॉली मेंढी आठवते आणि काहीतरी निसर्गाविरुद्ध घडले असे वाटते. पण आपले माळी ही गोष्ट कित्येक शतकांपासून एक चाकू आणि एक चिंधी घेऊन करत आले आहेत.

कोयीची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडील बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो. त्याची आई ते झाड, पण बाप कोण हे वाऱ्याला आणि माश्यांना माहीत. त्यामुळे केशरची कोय लावली तर केशर येईलच असे नाही. गोड येईल, आंबट येईल, रेषाळ येईल. कोकण-केरळातील काही जातींच्या एका कोयीतून अनेक रोपे निघतात आणि त्यांतली बरीचशी आईसारखीच असतात. पण तो अपवाद. एरवी कोयीतून येणारे प्रत्येक झाड हे यापूर्वी कधीच नव्हते असे झाड असते.

भावाला मी एवढेच विचारले की, झाडे काढण्याआधी मला काड्या घेऊ देशील का? तो म्हणाला, घे. आमच्या छत्रपती संभाजीनगर शहरात दिल्ली दरवाजाजवळ हिमायत बाग आहे. मोगल काळातील या बागेत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे, आणि ‘कलम’ या शब्दाचा मराठी अर्थ मी लहानपणी तेथेच अब्बांचे बोट धरून शिकलो होतो. कलमे बांधण्यात आयुष्य घालवलेल्या एका चाचांना मी गाडीवर बसवून गावी नेले. त्यांनी शेप्याच्या पक्व झालेल्या काड्या निवडल्या, त्यांची पाने काढून टाकली. गावरान कोयीपासून वाढवलेल्या रोपांचे शेंडे छाटून त्यांत उभी खाच घेतली, काडी पाचरीसारखी तासून त्या खाचेत बसवली आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधली. बारा बांधली, सात जगली. तीन आठवड्यांनी तांबूस कोंब फुटले तेव्हा मला वाटले, चला, शेप्या वाचला.

पण वाचला म्हणजे नेमके काय झाले?

शेप्या वाचला हे खरे. त्या सात कलमांना जो आंबा लागेल त्याच्या रसाला तोच वास असेल. नक्कल ही काही खोटी गोष्ट नाही. उलट नक्कल नसती तर काही जाती आज राहिल्याच नसत्या. रमजानमध्ये आपल्या दस्तरखानावर मोठ्या, मऊ मेजूल खजुरा येतात. ही खजूर मूळची मोरोक्कोची. तेथे बायूद नावाच्या बुरशीजन्य रोगाने खजुरीच्या बागा वाळत होत्या. १९२७ साली वॉल्टर स्विंगल या अमेरिकी शास्त्रज्ञाने बूदनीब येथून मेजूलचे ११ फुटवे अमेरिकेत नेले. त्यांतले ९ जगले आणि अमेरिकेतील मेजूलच्या बागा मुख्यतः त्या नऊ फुटव्यांतून वाढल्या. आईपासून तोडलेल्या फुटव्याने आईची जात टिकवली. म्हणून कलम म्हणजे वाईट आणि कोय म्हणजे चांगली, असा सरळ हिशेब मला मांडायचा नाही.

मात्र हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहावी लागते. ज्या बुरशीने मोरोक्कोतील खजुरी मारल्या, तिच्याच कुळातील दुसऱ्या बुरशीने केळीच्या बागा मारल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची केळी चालत असे. सारी झाडे एकमेकांच्या नकला. पनामा रोग आला आणि जे एकाला मारू शकले ते सर्वांना मारू शकले. मग तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातील केळी आली. आमच्या अजिंठ्याचा घाट उतरून जळगाव जिल्ह्यात गेले की मैलोन्‌मैल दिसणारी ग्रँड नैन ही त्याच गटातली, आणि आज ती प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटल्यांत उतींपासून वाढवून लावली जाते. त्या जुन्या बुरशीचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो भारतातही बिहारसारख्या राज्यांत सापडला आहे. हापूसमध्ये साका धरतो, म्हणजे बाहेरून सुंदर दिसणारा आंबा आत पांढरट, स्पंजासारखा निघतो. तो दोष एका बागेचा नाही, साऱ्या हापूसचा आहे, कारण सारा हापूस एकच आहे. त्यावर तोड काढायला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला नीलम आणि हापूस यांचा संकर करून ‘रत्ना’ ही जात तयार करावी लागली. म्हणजे नकलेतल्या दोषावर उपाय शोधायला शेवटी दुसऱ्या झाडाकडे जावे लागले, कोयीकडे जावे लागले.

येथे कोणी विचारील की, नकला अगदी तंतोतंत सारख्या असतात का? नसतात, आणि ही मोठी मनोरंजक गोष्ट आहे. एकाच झाडाची कलमे एका बागेत लावली तरी काही जोमाने वाढतात, काही खुरटतात. जमीन वेगळी असते हे एक कारण. दुसरे कारण खाली मातीत असते. वरचे झाड नक्कल असले तरी खालचा खुंट कोयीतून आलेला, म्हणजे प्रत्येकाचा निराळा असतो. तिसरे कारण म्हणजे एखाद्या डोळ्यात आपोआप होणारा बदल. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या काळे कुटुंबाने नावारूपाला आणलेले सोनाका द्राक्ष हे थॉमसन सीडलेसमधल्या अशाच बदलातून आले. लखनौच्या संशोधन संस्थेने दशहरी आंब्याच्या असंख्य कलमांतून दरवर्षी फळ देणारी ‘दशहरी-५१’ निवडली. नकलांच्या गर्दीतही कुदरत आपले काम थांबवत नाही. पण हा बदल क्वचित होतो आणि जेथे झाडे लाखोंनी आहेत तेथे एखादा नजरेस पडतो. जेथे झाडेच मोजकी उरली आहेत तेथे त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

मोजक्या झाडांची गोष्ट मी ऑस्ट्रेलियाच्या वोलेमी पाइनबद्दल वाचली. नावात पाइन असले तरी तो खरा चीड नव्हे, त्याच्या दूरच्या नात्यातला आहे. जीवाश्मांत ज्याचे भाऊबंद सापडतात असा हा वृक्ष १९९४ साली सिडनीच्या पश्चिमेकडील डोंगरांत, एका खोल दरीत जिवंत सापडला. जंगलात पूर्ण वाढलेली झाडे शंभराहूनही कमी. लोकांनी त्यासाठी काय केले नाही! जागा गुप्त ठेवली, काड्या लावून हजारो रोपे तयार केली, ती जगभर विकली. २०१९-२०च्या वणव्यात आग विझवणाऱ्यांनी ती दरी वाचवली. झाडांची संख्या वाढली. पण तपासणी केली तेव्हा शास्त्रज्ञांना त्या झाडांत जनुकीय वेगळेपण जवळपास दिसलेच नाही. मुळे कुजवणारा एक रोग त्या दरीत शिरला आहे आणि सारी झाडे त्याच्यापुढे सारखीच दुबळी आहेत. म्हणून आता जे थोडे वेगळेपण बारकाईने शोधल्यावर सापडले, ते निवडून २०२३ साली निरनिराळ्या देशांतील वनस्पती उद्यानांत रोपे पाठवण्यात आली. हजारो झाडे हाताशी असताना माणसे चार वेगळ्या झाडांच्या शोधात आहेत. संख्या म्हणजे विविधता नव्हे, हे मला तेथे समजले. माझी सात कलमे म्हणजे सात झाडे नव्हती. ते एकच झाड होते, सात ठिकाणी उभे असलेले. बाकीचे दहा गेले असते तर ते गेलेच असते.

कुरआनात सूरह रअदमध्ये शेजारी-शेजारी असलेल्या जमिनींचा, द्राक्षांच्या बागांचा, पिकांचा आणि खजुरींचा उल्लेख येतो. काही खजुरी एकाच बुंध्यातून फुटलेल्या, काही एकेकट्या. सर्वांना पाणी एकच, तरी चवीत एक दुसऱ्याहून सरस, आणि अक्कल वापरणाऱ्यांसाठी यात निशाण्या आहेत असे तेथे सांगितले आहे. मी तफसीर लिहिणारा आलिम नाही, साधा शिक्षक आहे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तेथे सरस चवीचा उल्लेख आहे, पण निशाणी म्हणून एकटे सरस झाड दाखवलेले नाही. साऱ्यांना एकत्र दाखवले आहे.

आता भावाच्या प्रश्नाकडे येतो. छाँव मैं बेचूँ क्या?

विविधता का जपायची, यावर पुस्तकांत एक ठरलेले उत्तर आहे: उद्या उपयोगी पडेल म्हणून. रोग आला, पाऊस कमी झाला, उष्णता वाढली तर एखाद्या गावरान झाडात त्याला तोंड देण्याची ताकद निघेल. हे उत्तर खोटे नाही, पण मला ते पुरेसे वाटत नाही. कारण त्यात आमट्याची किंमत अजूनही आपल्याच उपयोगावर ठरते. फक्त वसुलीची तारीख पुढे ढकललेली असते. आणि भाऊ सरळ विचारील, उद्याच्या जगाचा विमा माझ्याच शेतात का उतरवता?

मला दुसरे एक कारण दिसते. केशर झाड म्हणून जगात पहिल्यांदा आले तेव्हा ते केशर नव्हते. ते कोयीतून आलेले एक गावरान झाड होते, त्याला नाव नव्हते, भाव नव्हता आणि मानांकनही नव्हते. हापूस, दशहरी, लंगडा या सर्वांचे असेच. कोणीतरी शेकडो निनावी झाडे वाढू दिली म्हणून एक दिवस कोणा वजिराला त्यांतले एक निवडता आले. त्या आधीच्या माणसांनी फक्त त्यांच्या काळातल्या उत्तम आंब्याची कलमे लावून बाकीची झाडे तोडली असती, तर आज भावाला लावायला केशर मिळाला नसता. म्हणजे केशरचे प्रत्येक झाड हे न निवडलेल्या झाडांचे कर्जदार आहे. निवड करण्याचा हक्क आपल्याला वारशात मिळाला. तो वापरावा, जरूर वापरावा. पण तो वापरून संपवून टाकणे म्हणजे पुढच्यांच्या हातात आपण निवडलेले तेवढे ठेवणे आणि त्यांची निवड काढून घेणे. अमानत म्हणून मिळालेली वस्तू आपण खर्च करू शकत नाही.

या विचाराने मला माझ्या वर्गाकडेही निराळ्या नजरेने पाहायला लावले. येथे जपून बोलायला हवे, कारण माणूस म्हणजे झाड नव्हे. कोणतेही मूल उद्या समाजाच्या कामी येईल म्हणून मोलाचे ठरत नाही; ते आहे म्हणूनच मोलाचे आहे. पण आम्ही शिक्षक साठ मुलांच्या वर्गात काय करतो? गाइडमधले उत्तर फळ्यावर लिहितो आणि साठ वह्यांत त्याची साठ कलमे बांधतो. निकाल चांगला लागतो. मीही हेच करत आलो आहे. एका तासाला मी मुलांना विचारले, गावातली सगळी आंब्याची झाडे केशरची झाली तर काय होईल? पहिल्या नंबरात येणाऱ्या मुलांनी उत्पन्न वाढेल, निर्यात वाढेल अशी उत्तरे दिली आणि ती बरोबरच होती. एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, उभी राहून म्हणाली, “सर, मग नानीच्या लोणच्याचं काय?” वर्ग पुन्हा हसला. मला मात्र आमची नानी आणि तिचा आमट्या आठवला. वर्गातल्या साऱ्या बरोबर उत्तरांना जे दिसले नव्हते, ते त्या मुलीला दिसले होते. तिचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये नव्हते.

आता उरतो खर्चाचा प्रश्न, आणि माझ्या मते खरा नैतिक प्रश्न हाच आहे. विविधता जपण्याचा फायदा सर्वांचा आणि तोटा एकट्या शेतकऱ्याचा, ही वाटणी न्यायाची नाही. कायद्याने हे काही प्रमाणात ओळखले आहे. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते आणि जुनी वाणे जपणाऱ्यांच्या सन्मानाचीही सोय आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. मलिहाबादच्या कलीमुल्ला खान यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी एका झाडावर आंब्याच्या तीनशेच्या वर जातींची कलमे बांधली आहेत. पण पुरस्कार एखाद्याला मिळतो. ज्याला तो मिळणार नाही, त्या माझ्या भावाने काय करायचे?

मला सुचलेले उत्तर छोटे आहे. जे सर्वांच्या फायद्याचे आहे त्याला सर्वांची जमीन द्यावी. आपल्या हिंदू बांधवांनी देवराया राखल्या, त्यांत देवाच्या नावाने झाडे उभी राहिली. आपल्याकडे प्रत्येक गावाला कब्रस्तान आहे, ठिकठिकाणी दर्ग्यांची आवारे आहेत, ईदगाह आहेत. तेथे वाटणीचा वाद नाही, कापूस घ्यायचा नाही, पेटीतला माल एकसारखा असण्याची गरज नाही. तेथे कोयीची झाडे लावता येतील. ज्याला सावली विकायची नाही, तिथेच सावली परवडते.

मी हे मामूंसमोर मांडले. ते वृद्ध आहेत, फार बोलत नाहीत. त्यांनी मुलाकडे पाहिले. बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी जो तोडगा निघाला तो कोणाच्याच मनासारखा नव्हता. बांधावरचे दोन आंबे राहिले, आमट्या आणि शेंदऱ्या. बाकीचे नऊ गेले. त्यांत शेप्याही गेला. मी तोडणीच्या दिवशी गेलो नाही. भावाच्या केशरच्या ओळी आता तेथे ठिबकवर उभ्या आहेत आणि त्याच्या बाजूला शेप्याची दोन कलमे त्याने स्वतःहून लावली. उरलेली पाच नातेवाइकांकडे आहेत.

तोडण्याआधीच्या उन्हाळ्यात त्या अकरा झाडांच्या कोयी मी पोत्यात भरून शाळेत आणल्या होत्या. सुटी असूनही वर्गातली काही मुले आली आणि त्यांनी पिशव्यांत माती भरून त्रेचाळीस कोयी लावल्या. एकतीस उगवल्या. पावसाळ्यात गावच्या जमातीची परवानगी घेऊन आम्ही त्यांतली चोवीस रोपे कब्रस्तानच्या कडेने लावली. त्यांना फळ यायला सात-आठ वर्षे तरी लागतील. तोपर्यंत ही मुले शाळेतून कोठे कोठे गेलेली असतील. कोणत्या झाडाला कसला आंबा लागेल हे मला सांगता येणार नाही. बरेच आंबट निघतील अशीच शक्यता जास्त. एका मुलाने रोपाला पाणी घालताना विचारले, “सर, खट्टा निकला तो काटना क्या?”

मी त्याला सांगितले की, ते तेव्हाच्या लोकांना ठरवू दे. आपण पाणी घालू.